झेडएफएस (डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टिम) : फाइलींच्या टेस्ट पूलवर १० जीबी, खऱ्या डिस्कवर १६ जीबी. जागा जाते कुठे?

मंडळी, मदत हवी आहे.

व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) डिस्क ठेवायला ५ डिस्कचा रेडझेड१ पूल (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारा डिस्कचा गट) बांधतोय. डिस्क हातात येईपर्यंत रंगीत तालीम म्हणून ट्रंकेट कमांडने पाच फाइली बनवून त्यांचाच पूल केला. त्यातला १० जीबीचा स्पार्स झेडव्हॉल (पूलमधली आभासी डिस्क, जागा आधी राखून न ठेवलेली) काठोकाठ भरला, तर 'यूज्ड'मध्ये १० जीबीच्या आसपास आकडा आला. तेच सगळं खऱ्या डिस्कवर केलं, तर जवळपास १६! कॉम्प्रेशन दोन्हीकडे बंद, स्नॅपशॉट एकही नाही, व्हॉलब्लॉकसाइझ (झेडव्हॉलच्या एका ब्लॉकचा आकार) दोन्हीकडे ८के, म्हणजे ८ किलोबाइट (ओपनझेडएफएस २.१, डिफॉल्टच ठेवलाय). झेडडीबीत (पूलचा तपशील दाखवणाऱ्या कमांडमध्ये) एकच फरक दिसतो: फाइलींना ॲशिफ्ट (सेक्टरचा आकार ठरवणारा आकडा) ९, डिस्कना १२. एवढ्याने इतका फरक पडतो? आणि ॲशिफ्ट नंतर बदलता येतो का?

प्रतिसाद १

पडतो. ॲशिफ्ट ९ म्हणजे ५१२ बाइटचा सेक्टर, १२ म्हणजे ४०९६. फाइलींना झेडएफएस डिफॉल्टने ९ देतं. हल्लीच्या डिस्क ४०९६ सांगतात म्हणून १२.

आता ८केचा ब्लॉक घ्या. ॲशिफ्ट १२ वर डेटाचे २ सेक्टर, पॅरिटीचा (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवायच्या जादा माहितीचा) १, झाले ३. रेडझेड१ जागा २ च्या पटीतच देतं, म्हणून ४. म्हणजे ८केसाठी कच्चे १६के. पण वापरण्याजोगी जागा झेडएफएस १२८केचा ब्लॉक धरून मोजतं, तुमच्याकडे कच्च्या जागेच्या ८०%, आणि 'यूज्ड'ही त्याच हिशोबाने दाखवतं. १६केच्या ८०% म्हणजे १२.८के, ८केच्या १.६ पट. तुमचे १६ जीबी हेच. ॲशिफ्ट ९ वर डेटाचे १६ सेक्टर अधिक पॅरिटीचे ४, बरोबर २०. वाया काहीच नाही.

ॲशिफ्ट व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा गट) बनतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. पण म्हणून खऱ्या पूलला ९ देऊ नका! आत ४०९६ चे सेक्टर असलेल्या डिस्कवर लहान राइट रखडतात. उलट टेस्ट पूलच ॲशिफ्ट=१२ देऊन बांधा, नाहीतर चाचणीचे आकडे कुचकामी.

झेडव्हॉल मात्र नवा करून डेटा त्यात हलवा, कारण व्हॉलब्लॉकसाइझही बनवतानाच ठरतो. १६केवर (२.२ पासून डिफॉल्ट तोच) १.२ पट जाईल, ६४केवर फुकट काही जात नाही.

मूळ प्रश्नकर्ता

टेस्ट पूल १२ ने बांधला, तिथेही १६च दिसले. आभार! पण एका व्हीएममध्ये पोस्टग्रेस डेटाबेस आहे, त्याची पानं ८केची. ६४के झेपेल?

प्रतिसाद २

नाही झेपणार. एका पानासाठी अख्खा ६४केचा ब्लॉक वाचून पुन्हा लिहावा लागेल. त्या व्हीएमसाठी दोन डिस्कचा वेगळा मिरर (दोन्हीवर तोच डेटा) करा. मिररला पॅरिटी नाही, ८केला प्रत्येक डिस्कवर नेमके २ सेक्टर. मी तर सगळ्याच व्हीएम मिररवर ठेवतो, रेडझेड फक्त मोठ्या फाइलींना.