अमॉक्सिसिलिन बदलून अझिथ्रोमायसिन दिले, ‘सौम्य न्यूमोनिया’ म्हणाले. म्हणजे नेमके काय?

प्रश्न
बहीण, वय 34. आठ दिवस कोरडा खोकला, ताप 100–101. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली ठिपकेदार सावली, ऑक्सिजन 97. अमॉक्सिसिलिनने तीन दिवसांत काही फरक नाही. आता अझिथ्रोमायसिन 500, रोज एक, तीन दिवस. त्याऐवजी आधीच्याच औषधाचा डोस वाढवायला नको होता का? आणि न्यूमोनिया असून घरी ठेवलेले चालते?

प्रतिसाद १
डोस वाढवून उपयोग झाला नसता. अमॉक्सिसिलिन जंतूची पेशीभित्तिका, म्हणजे त्याची बाहेरची भिंत, बांधू देत नाही, म्हणून जंतू मरतो. या वयात, अशा रेंगाळत्या कोरड्या खोकल्यामागे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा हा जंतू असतो आणि त्याला पेशीभित्तिकाच नसते. जी भिंत नाही, ती पाडणार कशी? अझिथ्रोमायसिन जंतूची प्रथिने तयार होणे थांबवते.

तीनच गोळ्या पाहून घाबरू नका. 500 च्या तीन, किंवा पहिल्या दिवशी 500 आणि पुढे चार दिवस 250, दोन्हींची बेरीज 1500 मिलिग्रॅमच. शेवटच्या गोळीनंतरही औषध पेशींमध्ये काही दिवस टिकते. मात्र दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून तिसरी सोडू नका.

प्रतिसाद २
घरी ठेवायला हरकत नाही, पण श्वास मोजा. ती शांत बसलेली असताना छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, चूक होते. तिला सांगूनही मोजू नका, कारण लक्ष गेले की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसाचा 12 ते 20 ठीक. 24 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर, 30 झाला तर थेट रुग्णालय. असंबद्ध बोलणे, ओठ निळसर, वरचा रक्तदाब 90 च्या खाली, यांपैकी काहीही दिसले तरी तेच.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश आणि मेंदी नसलेले, गरम बोट घ्या, पाच मिनिटे बसवून मग आकडा पाहा. 94 च्या खाली टिकून राहिला तर वाट पाहू नका.

नव्या औषधाने 48 ते 72 तासांत ताप उतरायला हवा. खोकला मात्र तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे धरू नका.

प्रतिसाद ३
वरच्या शेवटच्या वाक्याला एक जोड हवीच. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे क्षयाची तपासणी, मग निदान काहीही झालेले असो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका द्यायचा. लाळ दिली तर नमुना वाया जातो.

त्याआधी दुकानातून स्वतःच लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरे प्रतिजैविक आणू नका. ते क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबते. रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते.

प्रश्नकर्ता
ॲसिडिटीचे पांढरे जेल चालू आहे. चालेल?

प्रतिसाद १
सोबत नको. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे अझिथ्रोमायसिनचे शोषण कमी होते, म्हणून दोन तासांचे अंतर ठेवा. आणि हृदयाच्या ठोक्यांचे काही औषध चालू असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.