धांदरट म्हणून सोडून द्यायचं की एडीएचडी म्हणून समजून घ्यायचं?

चाफा_कोथरूड: वय ३८. दोन महिन्यांपूर्वी सायकिअॅट्रिस्टनी एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जातं तो लहानपणापासूनचा त्रास) आहे असं सांगितलं. काल मशीनमधले तेच कपडे तिसऱ्यांदा धुतले, कारण दोनदा वाळत घालायचेच राहिले आणि कुबट वास मारायला लागला. आळस नाही हो, काम डोक्यात असतं पण सुरुवातच होत नाही. शाळेत दंगा करणाऱ्या मुलांकडे बाईंचं लक्ष जायचं, मी खिडकीशी तंद्रीत, प्रगतीपुस्तकात 'हुशार आहे पण लक्ष नाही' एवढंच. आता सासूबाई म्हणतात संसार म्हटला की सगळ्यांचंच असं होतं. मला वाटतं घरच्यांनी समजून घेऊन कामं वाटून घ्यायला हवीत. तुमचं मत?

पर्वतीकर६२: स्पष्ट लिहितो, राग नसावा. हल्ली दोन रील बघितले की जो तो स्वतःला आजार लावून घेतो. आमच्या आईने सदाशिव पेठेत दोन खोल्यांत नऊ माणसांचं केलं, तिला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. वेळेवर झोपा, मोबाइल लांब ठेवा, निम्मा त्रास जाईल.

वारजेची_वाटसरू: काका, रील बघून निदान होत नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. मुलींमध्ये बऱ्याचदा धावपळ दिसत नाही, नुसतं हरवलेपण असतं म्हणून सुटून जातं. माझ्या आत्याला जन्मभर वेंधळी म्हणाले, दूध उतू गेलं की पाहुण्यांदेखत. ती शेवटी कोणासमोर गॅसजवळ उभीच राहायची नाही.

हिंजवडी_शिफ्ट: मला अर्धं पटतंय. माझंही असंच व्हायचं, तपासलं तर थायरॉइड निघाला, म्हणजे आधी रक्त तपासा. आणि दुसरं, टीममधल्या एकीची राहिलेली कामं मी वर्षभर रात्री नऊपर्यंत बसून उरकली, समजून घ्या म्हणताना तो भार कोणावर पडतो तेही बघा ना.

चाफा_कोथरूड: तपासण्या आधीच झाल्या, डॉक्टरांनी आईला बोलावून माझ्या लहानपणाचंही विचारलं. भाराचं तुमचं खरंय. मी मॅनेजरला एवढंच म्हटलं की तोंडी सांगू नका, मेलवर दोन ओळी आणि तारीख टाका. खूप फरक पडला. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र अजून फार अवघड जातात.

सिंहगडरोड_बाबा: माझ्या बायकोलाही आहे. मी रोज कामांची आठवण करून देतो तर ती चिडते, मग करायचं काय?

वारजेची_वाटसरू: दादा, आठवण करून दिली तरी काम तिच्याच डोक्यावर राहतं. एखादं काम अख्खं तुमच्याकडे घ्या. शाळेचा ग्रुप, पांढरा ड्रेस कधी, फी कधी, सगळं तुम्ही वाचायचं, तिला विचारायचं पण नाही.

पर्वतीकर६२: लहानपणापासून हवं हे माहीत नव्हतं. आईच्या पदराला कायम गाठ असायची, काही आठवायचं असलं की मारायची. कधीकधी तीन-तीन गाठी असायच्या आणि कुठली कशाची ते आठवेना म्हणून रडकुंडीला यायची, आम्ही पोरं हसायचो. गोळ्यांचं मात्र मला अजून पटत नाही.

चाफा_कोथरूड: गोळ्या सगळ्यांनाच देत नाहीत काका, आणि चिठ्ठीशिवाय तर मिळतच नाहीत. माझं बीपी बघूनच सुरू केल्या. आईंच्या गाठींबद्दल अजून लिहा ना.