रिबन माईकला बूस्टर लावला तरी हिस तेवढाच. चुकतंय कुठं?

रिवायंडिंगवाला (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. उद्यमनगरात मोटारी भरतो, इलेक्ट्रॉनिक्स हा घरचा नाद. गेल्या दिवाळीपासून रिबन माईकच्या (चुंबकात टांगलेली पातळ पट्टी हलून आवाज पकडते तो) मागं लागलोय. कारण एकच, काकांचा मिरजेचा तंबोरा. माझ्याकडच्या कंडेन्सर माईकवर जवारी (तारेची झंकार) टोचल्यासारखी येते. काका ऐकतात आणि म्हणतात, "हा माझा तंबोरा न्हवं."

रिबनसाठी आधी मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरून बघितला (हसू नका). चिमट्यात धरेपर्यंत माझ्याच श्वासानं फाटला. मग जुन्या कपॅसिटरमधली फॉईल काढली, ती जड पडली. शेवटी २.५ मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉईल मागवली. ४ मिमी रुंद, ५० मिमी लांब पट्टी कापली आणि टेपरेकॉर्डरच्या दोन प्लास्टिक गिअरमधनं फिरवून चुण्या पाडल्या. ट्रान्सफॉर्मर मात्र स्वतः भरला. नॅनोक्रिस्टलाईन टोरॉईड, प्रायमरी जाड तारेचे १२ टर्न, सेकंडरी ४४४. दिवसभर हेच करणाऱ्याला त्यात काय विशेष, पण त्या एवढ्याशा कड्यातनं हातानं तार ओवताना दोन रात्री गेल्या.

आवाज नाद खुळा, पण अगदी बारीक. इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) गेन टोकाला न्यावा लागतो आणि मग नुसता हिस, म्हणजे सूं आवाज. म्हणून ४८ व्होल्ट फँटमवर (इंटरफेस माईकच्या केबलमधनंच देतो तो पुरवठा) चालणारा बूस्टर बांधला. दोन २एसके१७० बीएल (फेट, म्हणजे गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचे ट्रान्झिस्टर). गेट माईककडं, ड्रेन इंटरफेसच्या पिन २ आणि ३ कडं, दोन्ही सोर्स थेट पिन १ ला (ग्राउंड). प्रत्येक गेटला संरक्षण म्हणून सिरीजमध्ये १०के (१०,००० ओहम) रेझिस्टर. सगळं हिंगाच्या पत्र्याच्या डबीत.

आता गेन कमी पुरतो, पण हिस जिथल्या तिथं. जोरात बोललं की आवाज फाटतो. वर थोडा हम. चालू असताना पिन २ वर २ व्होल्ट दिसतात, पिन ३ वर ६. सर्किट डायग्राम तीनदा तपासला.

जुनासोल्डर (इचलकरंजी)

डायग्राम तपासून उपयोग नाही भावा, चूक डायग्राममध्येच आहे. ते १०के काढ.

हिशेब बघ. तुझी पट्टी साधारण ०.१४ ओहमची. १:३७ च्या ट्रान्सफॉर्मरमधून ती ३७ चा वर्ग, म्हणजे १३६९ पटीनं मोठी दिसते, सुमारे १९० ओहम. वाइंडिंगचा रेझिस्टन्स धरून २५० म्हणू. कुठलाही रेझिस्टर नुसत्या उष्णतेनंसुद्धा आवाज करतो, आणि तो आवाज रेझिस्टन्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. माईक २५० ओहमचा आणि तू दोन गेटचे मिळून वाटेत बसवलास २०,००० ओहम, म्हणजे ८० पट. वर्गमूळ काढलं तर आवाज ९ पट. जवळजवळ १९ डीबी हिस तू फेटच्या दारातच भरून घेतलास, आणि मग फेटनं तो इमानदारीत मोठा केला. २एसके१७० चा स्वतःचा आवाज ५०-६० ओहमच्या रेझिस्टरएवढा असतो. असला फेट घेऊन मागं १०के लावायचं म्हणजे बासमती आणून रेशनच्या तांदळात मिसळायचा.

ऑसिलेशनची (सर्किट आपणहून शिट्टी मारण्याची) भीती असेल तर २२ ओहम लाव, नाहीतर फेराईट बीड. १०० पण नको, दोन मिळून २०० झाले की माईकच्या जवळपास गेलास. गेटपासून पिन १ ला जाणारा रेझिस्टर मोठा असला तरी चालतो, तो सिरीजमध्ये नाही.

आता फाटण्याचं. फँटम ६.८के मधून येतो, म्हणजे एका पिनला पूर्ण शॉर्ट केलं तरी ७ मिलीअँप. बीएल ग्रेडचा फेट सोर्स जमिनीला लावल्यावर ६ ते १२ ओढायला बघतो. मग ड्रेनला उरणार काय, तुझे २ व्होल्ट! दोन्ही सोर्स एकत्र कर आणि तिथून पिन १ ला एकच ३३ ते ४७ ओहमचा रेझिस्टर दे. एका बाजूला ३ मिलीअँप आले की ड्रेनवर २७-२८ व्होल्ट दिसले पाहिजेत. रेझिस्टर दोघांचा सामाईक असल्यामुळं बॅलन्स्ड सिग्नलचा (पिन २ आणि ३ वर एकमेकांच्या उलट जाणारा) गेन त्यानं कमी होत नाही.

टेपवाला_मिरज

फेट कुठून घेतले? तोशिबानं २एसके१७० कधीच बंद केलाय, बाजारात नकली पोत्यानं मिळतात. गेट-सोर्स जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर ड्रेनचा करंट मोजा. जोडी जुळवूनच लावा. नवा हवा तर एलएसके१७० बघा.

आणि बूस्टर मध्ये न लावता कधी माईक थेट फँटमवर जोडू नका. केबल एका बाजूनं तुटकी निघाली तर रिबन गेलीच.

संध्याकाळचाराग

हमचं आधी ठरवा कुठला आहे. डबीला हात लावून बदलला तर डबी पिन १ ला नीट जोडलेली नाही. माईक फिरवून बदलला तर ट्रान्सफॉर्मर चुंबकीय हम घेतोय, त्याला म्यूमेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) टोपण लागेल. उद्यमनगरात वेल्डिंग चालू असताना चाचणी करत असाल तर तो हमच धरू नका.

रिवायंडिंगवाला

तिघांचे आभार. जुनासोल्डर, तुमच्या बासमतीला तोड नाही.

दहा फेट मोजले. दोन भलतेच निघाले, ५.९ आणि २.१ मिलीअँप, बीएलच्या ६ ते १२ मध्ये बसतच नाहीत. उरलेल्यांतली जुळती जोडी लावली. १०के च्या जागी २२ ओहम, सोर्सला ३९. आता पिन २ वर २७.४, पिन ३ वर २८. आवाज फाटायचा थांबला.

हिसची खात्री करायला माईक काढून त्या जागी २७० ओहमचा रेझिस्टर लावला. हेडफोनमध्ये दोन्हीकडं फरक कळेना. म्हणजे उरलेल्या हिसमध्ये माईक त्याच्या रेझिस्टन्सपेक्षा जास्त भर घालत नाही. हम डबीचा होता. रंगावरच स्क्रू आवळला होता, घासून पत्रा उघडा केला आणि गेला.

रात्री साडेदहानंतर काकांना बसवलं. माईक भोपळ्यापासून हातभर लांब, आणि त्याची बहिरी बाजू शेजारच्या पंपाकडं. रिबनला बाजूनं ऐकू येत नाही हे किती कामाचं आहे! चार मिनिटं रेकॉर्ड केलं, काकांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, "पंचम उतरलाय. मगाशी का न्हाई सांगितलंस?"