गावचं नाटक : मंच कोण बांधायचं?

आमच्या गावात (देवगड तालुका) देवळासमोर पत्र्याच्या शेडचा पक्का रंगमंच मंजूर झालाय. आनंद आहेच. पण त्याआधी दरवर्षी मंच उभा कसा राहायचा, ते सांगणारी माणसं कमी होत चाललीत. नटांचं कौतुक पुष्कळ झालं. या धाग्यावर खड्डे खणणाऱ्यांचं लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्याकडे कडेला जांभ्याचे चिरे रचायचे, आत माती भरून चोपायची, वर शेणाचं सारवण. खांब पोफळीचे, वर झावळांचा माटव (मांडव). कामं वाडीवार ठरलेली: खालच्या वाडीने झावळा, वरच्या वाडीने बांबू, सारवण बायकांचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एखाद्या वाडीच्या झावळा वेळेत आल्या नाहीत तर ते वर्षभर ऐकून घ्यावं लागे. पडदे भाड्याचे, तीनच: राजवाडा, जंगल, रस्ता. त्यामुळे नाटक निवडताना आधी पडदे बघायचे, मग संहिता. तरी एकदा सामाजिक नाटक केलंच आणि कर्जबाजारी नायक राजवाड्याच्या खांबांसमोर भाडं थकल्याचं रडला. लोक हसले नाहीत. सवय होती.

कुडाळहून

एक सांगतो, यात दशावतारी कंपन्यांचे जत्रेतले खेळ मिसळू नका. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की कंपन्या गावोगाव फिरतात. त्यांना मंच लागतोच असं नाही. एक बाकडं मिळालं की त्याचंच सिंहासन. लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या, रंग ज्याचा त्याने लावायचा. देवाची पालखी फिरून आली की गणपती, मग वेद चोरणारा संकासुर, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकालो. हौशी नाटकाचं तसं नाही. तिथे तालमी महिनाभर, आणि पहिल्या तालमीला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मात्र तालमीला न येणारेही हजर!

लालबागहून, मूळ गाव राजापूर

नाटक गावचं, तालमी मुंबईत. गावकऱ्यांच्या खोलीत, दुसऱ्या पाळीची माणसं गिरणीतून सुटली की. जागा एवढीशी, त्यामुळे तलवारबाजी जिन्याच्या चौकात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्गणी आटली. पण निम्मी माणसं शिमग्याआधीच गावाला येऊन बसलेली. ड्रेपरी आणायला पैसे नाहीत, मग राजाला आईचं लग्नातलं लुगडं. वडील सांगतात, मंच बांधायला इतके हात आमच्या गावाने त्याआधी पाहिले नव्हते. पुढे बरेच जण मुंबईला परतलेच नाहीत. त्यांच्यातलेच मग गावात मंडळ चालवू लागले. मुंबईतल्यांनी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी परळच्या दामोदरला प्रयोग लावून पैसे उभे केले. ते नाट्यगृहही आता पुनर्विकासात गेलं.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे आधी स्त्रीपार्टी पुरुषच. मग बाहेरून नटी आणायची पद्धत आली. तिची बिदागी, गाडी आणि जेवण यांतच वर्गणी संपायची. म्हणून मंडळींना गावातल्या सुना आठवल्या! सासऱ्यांनी मला परवानगी दिली, पण समोर नायक बाहेरचा नको. मग नायक माझे दीर, आणि नवऱ्याला खलनायक केलं. दुसऱ्या अंकात ते माझा हात पिरगळतात तेव्हा पुढच्या चटईवरून आजेसासू ओरडल्या, "सोड रे तिका, सकाळी भाकऱ्यो कोण भाजतला?" टाळ्या त्यांनाच मिळाल्या. लेक पडद्यामागे ट्रंकेवर झोपलेला. प्रवेश संपला की त्याला पाजायचं, पदर सारखा करायचा, पुन्हा बाहेर.

गुहागरहून

नमन ही आमच्याकडची लोककला, त्या नमनवाल्यांचंही घ्या. गण, गवळण, संकासुर, मग वग. पूर्वी पहाट व्हायची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते सणावारांत वाटले जातात. आमच्या वाडीच्या नमनाला त्यातला दिवस कुठला मिळायला! मग आम्ही १० ला माईक बंद करून खेळ चालू ठेवला. मृदंगाला माईक कधी लागलाच नव्हता. मागची माणसं चटया उचलून पुढे आली. मला तर हेच बरं वाटलं. माईकमुळे नट पुटपुटायला लागले होते.

संगमेश्वरहून, निवृत्त शिक्षक

प्रॉम्प्टरला कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. विंगेत टॉर्च घेऊन बसायचं, डोक्यावर पडणाऱ्या दवाने वही ओली. सगळ्यात मोठा ताप बक्षिसांचा. ऐन करुण प्रसंगात माईकवर घोषणा: "अमुक वाडीतल्या अमक्यांकडून द्रौपदीला एक्कावन रुपये!" द्रौपदी हात जोडणार, दुःशासन लुगड्याचं टोक धरून थांबणार, आणि मी पुढची ओळ पुन्हा सांगणार. गावच्या नाटकाची फजिती दाखवणारं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं तेव्हा मुंबईकर पोट धरून हसले. आम्ही म्हटलं, यात विनोदी काय आहे? असंच असतं की. पण बक्षिसं बंद करा म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. पुढच्या वर्षीचा मांडव त्याच पैशांतून उभा राहायचा.

देवगडकरांना, गुहागरहून पुन्हा

पक्का मंच बांधताय तर मागच्या भिंतीला दार ठेवायला सांगा. आमच्याकडे ठेकेदाराने ठेवलंच नाही. रंगायची खोली मागे, त्यामुळे संकासुर गटार ओलांडून चहाच्या टपरीवरून येतो.