मदत हवी आहे : गणिताची गोडी कशी लावू? (तातडीचे)

वाफाळता_चहा
मुलगा गणिताची वही काढली की रडायला बसतो. सोमवारी चाचणी आहे. पाठ करून घेतलं, रागावून झालं, वहीभर गणितं गिरवून घेतली, काही फरक नाही. सगळे म्हणतात, गणित रोजच्या जगण्याशी जोडा. म्हणजे नेमकं काय करू? कृपया लवकर सांगा, रोज रात्री घरात रडारड होतेय.

तिखट_शेव
कितवीत आहे? माध्यम कोणतं? अडतंय कुठे? नुसतं 'गणित' म्हटल्यावर काय सांगणार ताई?

केळफूल
अबॅकस लावा. माझी मुलगी दुसरीपासून जातेय, तीन आकडी बेरजा तोंडी करते. वर्षभरात फरक दिसतो.

तिखट_शेव
चाचणी सोमवारी आहे, वर्षभराचं काय घेऊन बसलात?

जुना_वाडा
आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे, घोटून घेतले होते. वडिलांचं वाणसामानाचं दुकान. सात दीड साडेदहा हे मला आजही झोपेतून उठवलंत तरी येतं. रुपयाचे सोळा आणे; पाव म्हणजे चार, पाऊण म्हणजे बारा. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. मुलाकडून रोज संध्याकाळी म्हणून घ्या.

केळफूल
काका, पाठांतरानेच तर ते पोर रडतंय. आणि आता आणे आहेत कुठे?

जुना_वाडा
आणे गेले, पाव किलो गेला का? मंडईत अजून 'पावाला वीस' असंच सांगतात.

शेवगा
खरी अडचण आकड्यांच्या नावांतच आहे. ८३ लिहिताना आधी आठ, म्हणताना आधी तीन. म्हणून तर २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात २१ साठी 'वीस एक'सारखं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांनी मुलांचा विचार केला आणि लोकांनी त्यांनाच बोल लावला. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

जुना_वाडा
मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्र्याऐंशी म्हणायला पिढ्यान्‌पिढ्या शिकल्याच ना?

शेवगा
शिकल्या, आणि किती मुलं तिथेच मागे पडली ते कोणी मोजलं?

तिखट_शेव
यासाठी वेगळा धागा काढा. ताई, इयत्ता?

वाफाळता_चहा
सहावी, सेमी. मला वाटलं लिहिलंय. अपूर्णांक चालू आहेत. काल १/२ + १/३ = २/५ लिहिलं. 'छेद समान कर' हे शंभरदा सांगितलं, तरी वरच्यांची वर आणि खालच्यांची खाली बेरीज करतो. १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणतो, कारण आठ चारपेक्षा मोठे.

ओढ्याकाठी
त्याला देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ दाखवा! चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची सर्वांत मोठी संख्या करा, तीतून सर्वांत लहान वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही निघा, तिथेच येता. माझा भाचा दिवसभर करत बसला होता.

तिखट_शेव
सुंदर आहे, पण याचं अडलंय वाटणीत. ताई, तो शाळेत 'वन बाय फोर' म्हणत असणार. 'वन बाय फोर' म्हणजेच 'पाव' हे त्याला माहीत आहे का? विचारून बघा. मग थालीपीठ कापा, आधी चार तुकडे, मग आठ. त्या १/२ + १/३ च्या बेरजेसाठी डझनभर केळी आणा. अर्धा डझन आणि पाव डझन नको, अर्धा आणि तिसरा हिस्सा घ्यायला सांगा.

वाफाळता_चहा
विचारलं. माहीत नव्हतं! रोज पाव किलो भेंडी आणणारा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. थालीपिठाचा आठव्या हिश्श्याचा तुकडा त्याने उचलून पाव तुकड्यावर ठेवला, तिखट लागलेलं बोट चाटत म्हणाला, 'म्हणजे माणसं वाढली की मला कमी.' केळ्यांत सहा बाजूला काढली, मग चार. बारातली दहा. मग मी पाच शेंगदाण्यांतले दोन उचलून विचारलं, तुझं २/५ हे एवढं, अर्ध्याहून जास्त की कमी? तो म्हणाला, 'अर्ध्यात आणखी घातलं तर अर्ध्याहून कमी कसं होईल?' आणि वहीतलं उत्तर स्वतःच खोडलं.

जुना_वाडा काका, पाव-पाऊण आता घरात बोलतोय आम्ही.

पण पुढचं गणित १/४ + १/५ आहे आणि केळी पाचांत वाटता येत नाहीत. आता काय घेऊ?

तिखट_शेव
वीस शेंगदाणे. पण वीस तुम्ही सांगू नका. मघाशी बारा का चालले, एवढंच विचारा आणि थांबा.