बेसवाल्यांनो, इकडे या: पहिला बेस, स्टेजवरची फजिती, काहीही चालेल

चारतारी
काल गंगापूर रोडला एका लॉन्सवर रिसेप्शनला गेलो होतो. ऑर्केस्ट्रा झकास, ऑक्टोपॅडवाला तर एक नंबर. पण बेस गिटार नाही! कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस काढत होता. वाईट वाजवत होता असं नाही, पण मी आपला स्टेजसमोर उभा, डाव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणांवर फिरवत. बायको दोनदा येऊन सांगून गेली, "पनीर संपतंय."

घरी आल्यावर ड्रॉवर उघडला. त्यात ९ व्होल्टची एक मेलेली बॅटरी आहे, २००६ पासूनची. गोष्ट अशी, की माझा पहिला बेस देवळाली कॅम्पातून सेकंडहँड घेतलेला, अ‍ॅक्टिव्ह सर्किटवाला, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा. पिन जॅकमध्ये खोचली की सर्किट चालू होतं, बेस वाजवा न वाजवा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पिन दिवसरात्र तशीच ठेवायचो. गॅदरिंगला दुसऱ्याच गाण्यात आवाज आधी फाटल्यासारखा फरफर करायला लागला, मग गायब. ड्रमर माझ्याकडे बघतोय, मी अँपकडे बघतोय. साउंडवाले काका वाकत वाकत स्टेजवर आले, काही न विचारता बेस उलटा केला, मागचं झाकण खोललं, आणि खिशातल्या मल्टिमीटरची बॅटरी काढून त्यात बसवली. "कार्यक्रम झाला की परत दे."
दिली नाही.
तुमचंही येऊ द्या.

सीबीएसवाला
पनीर मिळालं का शेवटी?

चारतारी
नाही. दाल आणि जिरा राइस.

मिक्सरकाका
ते काका मी नव्हे, पण माझ्याही दोन बॅटऱ्या अशाच गेल्यात. बेसवाल्यांनी बॅटऱ्या परत कराव्यात, व्याज माफ.

२२ वर्षं साउंड करतोय. बेसवाल्यांची एकच तक्रार, "काका, मला माझंच ऐकू येत नाही." अरे बाबा, अँप जमिनीवर ठेवलाय, तोंड तुझ्या गुडघ्याकडे. गुडघ्याला कान आहेत का? खुर्चीवर ठेव, तोंड वर कर, आवाज लगेच स्पष्ट होतो. पण हे लोक काय करतात, तर व्हॉल्यूम वाढवतात. जाड ई तार ४१ हर्ट्झची, त्या आवाजाची एक लाट आठ मीटरच्या वर जाते. तू अँपला चिकटून उभा, तुला ठणठण नुसती. तिकडे दहाव्या रांगेतल्या आजोबांच्या छातीत धडधड.

आणि एक गंमत नसलेली गोष्ट. मंडपात अँप एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, त्यातल्या एकाला अर्थिंगच नाही. एक मुलगा बेस वाजवत कोरस गायचा. हात तारांवर, ओठ माईकला टेकले आणि असा झटका बसला की दोन पावलं मागे गेला. नशीब चांगलं म्हणून ओठावर निभावलं. तेव्हापासून मी आधी टेस्टर माईकच्या जाळीला लावतो, मग गाणाऱ्याला पुढे सोडतो. हमिंग येतंय म्हणून प्लगची जाड पिन तोडणारे पाहिलेत, त्यांना हात जोडतो. डीआय बॉक्सवर (बेस मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. सगळं एकाच ठिकाणाहून पॉवर घ्या. अर्थ तोडू नका रे.

लीडवाला_माफ_करा
काका, लीड गिटारवाल्यांबद्दल पण लिहा की.

मिक्सरकाका
धागा मोठा होईल.

आई_महात्मानगर
मी वाजवत नाही, मुलगी वाजवते. चालेल ना इथे लिहिलेलं? कुकर लावलाय, पटकन लिहिते.
तिने दहावीनंतर बेस मागितला. मला वाटलं गिटार. दुकानातून आल्यावर मी विचारलं, दोन तारा कमी का दिल्या, बदलून आण. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.
मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. म्हणाल्या, गाणं ऐकू येत नाही पण आमच्या शोकेसमधल्या काचा वाजतात. आम्ही अँपखाली जुनी कापसाची गादी घडी करून घातली, भिंतीपासून पुढे ओढला. बराच फरक पडला. आता काकूच विचारतात, आज वाजवलं नाही का, बरी आहे ना. शिट्टी झाली, जाते.

पितळी_नट
अंबडला टूलरूममध्ये आहे. ट्रस रॉडचा, म्हणजे मानेचा बाक काढायच्या आतल्या दांड्याचा, माझा किस्सा ऐका. डिसेंबरात थंडी पडली, मानेला बाक आला, तारा वर उठल्या. म्हटलं त्यात काय, आपण रोज मायक्रॉनमध्ये काम करतो. कंपनीतून अ‍ॅलन की आणली. ५ ची जाईना. ४.५ ची गेली पण गोल फिरायला लागली. जोर लावला. नटाचे कोपरे गुळगुळीत!
नंतर कळलं, तो नट इंचातला. ३/१६ म्हणजे ४.७६ मिमी. पंधरा वर्षांचा फिटर, आणि मोजलं नाही हो आधी. आमच्या साहेबांना कळलं असतं तर मेमोच.
शेवटी एका मित्राने खास की घासून दिली. तेव्हापासून पाव फेरा फिरवतो, परत सुरात लावतो, रात्रभर ठेवतो, सकाळी बघतो. लाकडाला घाई चालत नाही. (वरच्या टोकाचा नट, म्हणजे तारा टेकतात ती खाचांची पट्टी, मात्र पितळेचा स्वतः केलाय, हातासरशी. नावाचं कारण तेच.)

नवखा_बी
पितळेच्या नटाने आवाज बदलतो का?

पितळी_नट
मोकळी तार जरा टणक वाजते. बोट ठेवल्यावर नटाचा संबंधच येत नाही. मी हौसेसाठी केला, खोटं कशाला बोलू.

फ्लॅटवाउंड
तारा उकळणारे कोण कोण आहेत? हात वर करा.
बेसच्या तारा महाग, त्यात होस्टेल. वाजवून वाजवून मेल्या की काढायच्या आणि दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायच्या, खाचांमधला मळ सुटतो, पुसून कोरड्या करून परत लावायच्या. चारेक दिवस नव्यासारख्या टणटणीत. एकदा सुट्टीत घरी हाच उद्योग केला, तोही दुधाच्या पातेल्यात. आईने झाकण उघडलं. पाणी काळं, वर तेलकट तवंग, आत वेटोळं. तिला वाटलं साप शिजवतोय!
आता फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुळगुळीत तारा, लावल्यात, नऊ वर्षं झाली, बदललेल्या नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन, त्याची १९६२ ची प्रिसिजन (फेंडरचा बेस), त्यावर जाड फ्लॅटवाउंड, तार तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात, आणि उजव्या हाताचं एकच बोट. मोटाउनची निम्मी गाणी त्या एका बोटावर उभी आहेत. आम्ही आपले तीन बोटांचे व्यायाम करतोय.

चारतारी
ते पातेलं पुढे वापरलं का?

फ्लॅटवाउंड
बाथरूममध्ये आहे.

शरणपूर_रोड
चर्चमध्ये वाजवायला शिकलो. छत उंच, भिंती दगडी, प्रत्येक स्वर जाऊन परत यायचा. पास्टर म्हणायचे कमी वाजव. तिथेच कळलं की दोन स्वरांच्या मध्ये थांबणं हेसुद्धा वाजवणंच आहे. आजही वेगात वाजवता येत नाही मला, कारण हेच सांगतो सगळ्यांना.
विषय निघालाच आहे तर, शरणपूरला पूर्वी गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांची वसाहत होती हे किती जणांना माहितीय? आफ्रिकेत फिरलेला संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचं पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये इथे शिकलेली मुलं होती, १८७३-७४ ची गोष्ट. मी त्याच रस्त्याने रोज दूध आणायला जातो.

सीबीएसवाला
बेसवरून लिव्हिंगस्टन 😂 पण माहिती नव्हतं, धन्यवाद.

टिपरू
मी ढोलवाला. पथकात आहे. तुम्ही लोक आठ मीटरच्या लाटा सांगताय, आम्ही पन्नास जण एकदम टोल मारतो तेव्हा या गोदाघाटावर.
एकदा गणपतीच्या आधी आमचा सराव आणि शेजारच्या हॉलमध्ये कुठल्यातरी बँडचा कार्यक्रम. बेसवाला बिचारा मध्यंतरात बाहेर आला, म्हणाला, "दादा, मी काय वाजवतोय तेच कळत नाही, किती वेळ आहे अजून?" त्याला चहा पाजला. मग त्यालाच टिपरू दिलं हातात. मस्त धरला ताल भावाने. मध्यंतर संपलं तरी जाईना.

चारतारी
त्याच्या बँडला कळलं का तो नाहीये ते?

लीडवाला_माफ_करा
मला तरी कळलं नसतं.

टेम्पोतून_गेला
हसताय खरे. माझा बेस २०११ मध्ये कार्यक्रमाहून परत येताना टेम्पोतून गेला. द्वारकाला सिग्नलवर होता, नाशिकरोडला उतरलो तेव्हा नव्हता. खांद्याचा पट्टा वडिलांच्या जुन्या होल्डॉलचा कापून शिवला होता. बेसचं एवढं नाही, तो पट्टा...
बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर बेस १९७२ मध्ये व्हॅनमधून चोरीला गेला होता, तो पन्नासेक वर्षांनी मिळाला, २०२४ मध्ये बातमी आली. मी आपला थांबलोय.

आई_महात्मानगर
अरेरे. पट्टा कसा होता, रंग वगैरे लिहा ना. कोणाच्या माळ्यावर असायचा.

टेम्पोतून_गेला
खाकी, ताई. एका टोकाला पितळी बक्कल, त्याला हिरवा दोरा.

नवखा_बी
सगळ्यांना नमस्कार. पाच तारांचा घेऊ की चार? बजेट बेताचं आहे. बेस वाजवणाऱ्या मोहिनी डेचे व्हिडिओ बघून बसलोय.

फ्लॅटवाउंड
ते व्हिडिओ बघून लोक विकायला काढतात भो, तू घ्यायला निघालास 😄 चार घे.

मिक्सरकाका
पाचवी तार बी म्हणजे ३१ हर्ट्झ. छोट्या अँपमधून तो स्वर मुळात निघतच नाही, वरचे अंश ऐकू येतात आणि कान उरलेलं भरून घेतो. घरी शिकायला चार पुष्कळ.

शरणपूर_रोड
मी पाच म्हणेन. खालचा डी पाहिजे असतो गाणाऱ्याने पट्टी बदलली की.

मिक्सरकाका
त्यासाठी ई तार सैल करून डीला आणता येते.

शरणपूर_रोड
चालू गाण्यात?

मिक्सरकाका
हं. हा मुद्दा दिला.

नवखा_बी
म्हणजे घेऊ कोणता? 😐

बास_कर
आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात "बास गिटार"च म्हणायचे, बेस नाही. घरी रियाज सुरू केला की आई आतून ओरडायची, "बास!" मी म्हणायचो, हो, बासच वाजवतोय.
हा विनोद मी गेली तीस वर्षं करतोय. बायकोने आता उत्तर देणं सोडलंय.

पितळी_नट
@नवखा_बी आधी हातात घेऊन बघ. ३४ इंची स्केल असते, तुझा हात लहान असेल तर पहिल्या खान्यात पिंकी जाणार नाही. ३० इंचीही मिळतात. मी शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला चाललोय, धोबीतलावला फुर्ताडोजमध्ये दोन-तीन हाताळून बघू. येतोस?

नवखा_बी
नक्की! किती वाजता भेटू?

पितळी_नट
नाशिकरोडला साडेसहालाच ये, जागेची मारामारी असते. येताना बेस बरोबर असेल तर लोक विचारतात बंदूक आहे का. हो म्हणू नकोस, मी एकदा म्हटलं होतं.

सीबीएसवाला
मग काय झालं??

पितळी_नट
शिफ्टला निघालोय. रात्री लिहितो.