शब्दचर्चा: नदीवरचा बर्फ ‘वितळतो’ की ‘फुटतो’?

अलास्कातल्या युकॉन नदीवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. त्यात ‘ब्रेकअप’ हा शब्द सतत येतो. हिवाळाभर गोठलेली नदी एप्रिल-मे महिन्यात मोकळी होते, त्याला तिथे ब्रेकअप म्हणतात. तो शब्द तसाच ठेवला तर आपल्याकडे जोडप्याचं फाटणं डोळ्यांसमोर येतं. म्हणून पहिल्या खेपेला सगळीकडे ‘बर्फ वितळणे’ लिहिलं. पुढे एका वाक्यावर अडकले: ‘बर्फ वितळण्याआधीच ब्रेकअप झालं, म्हणून गावात पाणी शिरलं.’ माझ्या भाषांतरात त्याचं झालं ‘बर्फ वितळण्याआधीच बर्फ वितळला’. तेव्हा कळलं की शब्दच चुकलाय. नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद १

‘बर्फफुटी’ म्हणा. ढगफुटी, धरणफुटी, पेपरफुटी हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यामुळे हा नवा वाटणार नाही. ‘हिमभंग’ वगैरे कृपया नको. ‘हिम’ने सुरू होणारे शब्द ऐकले की डोंगर आठवतात, हिमनदी, हिमकडा. इथे गोठलंय ते नदीचंच पाणी. आणि पाण्यावर तरंगत येणाऱ्या तुकड्यांना ‘हिमनग’ म्हणू नका, हिमनग समुद्रातला. नदीतल्या त्या ‘लाद्या’. मासळीबाजारात बर्फ लादीनेच येतो, शब्द तयार आहे.

प्रतिसाद २

लाद्या एकदम बरोबर. मी अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात सहा हिवाळे काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तिथे ब्रेकअप ही घटनाही आहे आणि ऋतूही. ‘ब्रेकअपनंतर घर बांधायला काढू’ असं लोक सहज बोलतात, जसं आपण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. रस्त्यांवर गुडघाभर चिखल होतो, त्यात घालायच्या रबरी बुटांनाही ब्रेकअप बूट म्हणतात. त्यामुळे घटनेला ‘बर्फफुटी’ आणि मोसमाला ‘बर्फफुटीचे दिवस’, असं दोन प्रकारे लिहावं लागेल.

घटनेचा नेमका क्षण धरण्याची एक जुनी रीतही आहे. फेअरबँक्सपासून तासाभराच्या अंतरावर टानाना नदीकाठी नेनाना गाव आहे. तिथे 1917 पासून पैज लागते, की यंदा बर्फ कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी सुटेल. सुरुवात केली रेल्वेचं काम करणाऱ्या अभियंत्यांनी, जमलेली रक्कम होती 800 डॉलर. नदीच्या बर्फात एक लाकडी मनोरा रोवतात. त्याला ट्रायपॉड म्हणतात, पाय मात्र चार असतात. मनोऱ्याची तार काठावरच्या घड्याळाला जोडलेली असते. मनोरा शंभर फूट सरकला की घड्याळ बंद पडतं, आणि ती वेळ अधिकृत धरतात. सर्वांत लवकरची नोंद 14 एप्रिल 2019 ची, सर्वांत उशिराची 20 मे 2013 ची. ही 2013 ची तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या वाक्याची. नदी मोकळी होते ती दोन तऱ्हांनी, आणि मराठीत दोन वेगळी क्रियापदं हवीत. एखाद्या वर्षी वसंत सावकाश येतो. दिवसा ऊन, रात्री गारठा, असं आठवडे चालतं. ऊन बर्फाला आतून पोखरतं. मग तो बर्फ उभ्या उभ्या कांड्यांचा होतो, बोटाएवढ्या जाड, वीतभर किंवा जास्त लांब, एकमेकींना जेमतेम चिकटलेल्या. मी चेना नदीच्या काठावर अशी एक लादी बुटाने ढकलली होती. ती तुटली नाही, विस्कटली. कांड्या सुट्या झाल्या आणि पाण्यात एकमेकींवर आपटून बांगड्यांसारख्या किणकिणत गेल्या. असा बर्फ कोणाचं काही बिघडवत नाही. तो ‘विरतो’.

दुसरी तऱ्हा वाईट. एप्रिल संपला तरी कडाका हटत नाही, बर्फ मीटरभर जाड आणि टणक राहतो, आणि मेमध्ये एकाएकी उष्मा वाढतो. तोवर दिवस अठरा-अठरा तासांचा झालेला असतो. डोंगरांवरचा सगळा साठा एकदम नदीत उतरतो. पाणी खालून बर्फाला उचलतं आणि तो कच्चाच फुटतो. घराएवढ्या लाद्या सुटतात, पुढे वळणावर किंवा बेटापाशी अजून न फुटलेल्या बर्फाला जाऊन थटतात, एकीवर एक चढतात, आणि नदीलाच बूच बसतं. 2009 साली युकॉनकाठच्या ईगल गावात हेच झालं. आणि नेनानात बर्फ सर्वांत उशिरा सुटला त्याच 2013 साली युकॉनकाठच्याच गलीना गावाच्या खालच्या अंगाला बिशप रॉकपाशी लाद्या अडल्या, मागे पाणी चढत गेलं आणि बहुतेक गाव हलवावं लागलं.

आजीकडून ऐकलेलं आठवतं: गळू पिकून फुटलं तर आराम, कच्चं फुटलं तर ताप. मला तरी बर्फफुटी त्याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

प्रतिसाद ३

मी शिरोळ तालुक्यातला. ‘मागे पाणी चढत गेलं’ याला आमच्याकडे शब्द आहे: फूग. पुढे पाणी निघेना झालं की मागे फूग येते. पुरात आम्ही ‘पाणी वाढलं’ आणि ‘फूग आली’ यात फरक करतो. फुगेचं पाणी खळाळत नाही, मुकाट्याने चढतं, ओढ्यातून उलटं गावात शिरतं. गलीनाचं वर्णन वाचून वाटलं, हे आमच्या ओळखीचं पाणी आहे. आणि लाद्यांनी नदी अडते त्याला ‘बर्फकोंडी’ म्हणता येईल, वाहतूक कोंडीसारखं. ‘तुंबणे’ गटाराला बरं, या नदीला कमी पडतं.

प्रतिसाद ४

रशियन वाचणारी म्हणून थोडी भर. रशियनमध्ये फुटलेला बर्फ वाहू लागतो त्याला ‘ल्येदाखोद’ म्हणतात, शब्दशः बर्फाची चाल. कोंडीला ‘झातोर’. ‘बर्फ हलला’ हे तिथे रुळलेलं बोलणं आहे. अडून बसलेलं काम एकदाचं सुरू झालं की तसं म्हणतात. फिनिश लोक त्याला बर्फाचं ‘निघणं’ म्हणतात. स्वीडन-फिनलंडच्या सीमेवरच्या टोर्निओ नदीची बर्फ निघाल्याची तारीख 1693 पासून नोंदलेली आहे.

कोंडी कोणत्या नद्यांना जास्त जाचते हेही उपशीर्षकात येऊ द्या. सैबेरियाची लेना किंवा कॅनडाची मॅकेन्झी उत्तरेकडे वाहते. म्हणजे वरच्या अंगाला ऊन आधी पोचतं, बर्फ तिथे आधी फुटतो, आणि वाहत जातो तो अजून गोठलेल्या भागात. 2001 च्या मेमध्ये लेनाकाठचं लेन्स्क शहर असंच बुडालं. कोंडी फोडायला लढाऊ विमानांतून बाँब टाकले गेले, तरी शहर वाचलं नाही. याकुत्स्कला तर लेनावर पूल नाही. हिवाळ्यात गाड्या बर्फावरून जातात, उन्हाळ्यात फेरीबोट. बर्फ फुटत असताना दोन्ही बंद. या मधल्या दिवसांना मराठी शब्द सुचला तर सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. उद्या फाइल द्यायची आहे, म्हणून ठरवलेलं लिहिते. घटना ‘बर्फफुटी’, अडणं ‘बर्फकोंडी’, तुकडे ‘लाद्या’. सावकाश जाणाऱ्या बर्फासाठी ‘विरणे’. ‘फूग’ही घेणार आहे. संपादक म्हणतील हा बोलीतला शब्द आहे, मी भांडेन. ‘बॅकवॉटर’ लिहून जे कोणाला दिसत नाही ते या दोन अक्षरांत दिसतं.

आणखी एक जाणवलं. ‘बर्फ वितळल्याने पूर’ हा मथळा मी स्वतः कितीदा लिहिला आहे. नदीच्या बाबतीत तो कारणच उलटं सांगतो. डोंगरावरचा वितळला हे खरं, पण नदीवरचा वितळला असता तर गाव राहिलं असतं.

याकुत्स्कच्या त्या दिवसांसाठी कोकणातल्या तरींचा, म्हणजे खाडी ओलांडायच्या होड्यांचा, विचार करत होते. पावसाळ्यात ही ‘तर’ बंद होते तेव्हा ‘तर उठली’ म्हणतात असं अंधुक आठवतं. कोणी खाडीकाठचं असेल तर खात्री करून सांगाल का?

अडलेलं वाक्य आता असं केलंय: ‘बर्फ विरण्याआधीच फुटला, खाली कोंडी झाली आणि गावात फूग शिरली.’